चौथी सीट

मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे एक एक्सेल शीट आली. ४२ ओळींची. डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द, उजवा रकाना रिकामा आणि मध्ये कोणत्या शब्दाला किती अक्षरं चालतील त्याचे आकडे. असली कामं मी २२ वर्षं करते आहे. शांपूच्या बाटलीमागच्या सूचना, बँकेचे मेसेज आणि हल्ली ॲपमधली बटणं. तुमच्या फोनवर 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' असं उमटतं ना, ते ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या एखाद्या दुसऱ्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या मोजत कुणीतरी लिहिलेलं असतं.

ही शीट एका डेटिंग ॲपची होती. त्यांना तरुण मंडळींसाठी एक खेळ करायचा होता: समोरचा माणूस तुमच्याशी जे वागतोय त्याला काय म्हणतात ते ओळखा. घोस्टिंग, ब्रेडक्रंबिंग, बेंचिंग, लव्ह बॉम्बिंग, सिच्युएशनशिप, झोम्बीइंग... यादी वाचता वाचता मला त्वचारोगाच्या दवाखान्यातला तक्ता वाचल्यासारखं झालं. वर सूचना: 'भाषा तरुण हवी, शासकीय नको.' ही सूचना प्रत्येक गिऱ्हाईक देतं. आमच्या धंद्यात 'शासकीय' ही शिवी आहे.

पहिलीच ओळ घोस्टिंगची. रोज बोलणारा माणूस एक दिवस गप्प होतो. फोन नाही, मेसेजला उत्तर नाही, भांडण नाही, कारण नाही. मर्यादा १२ अक्षरं. मी तासभर त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत बसले. 'अंतर्धान पावणे' लिहिलं आणि खोडलं. ते देवांनाच शोभतं. 'गायब होणे' त्यातल्या त्यात बरं होतं, पण गायब काय, माझा चष्माही रोज होतो.

माझी भाची रेवा सध्या आमच्याकडे राहते. तिचं घर नाशिकला, नोकरी घोडबंदर रोडला. तिला हा शब्द शिकवावा लागला नाही. तिच्याशी रोज रात्री एक-एक वाजेपर्यंत बोलणारा एक मुलगा दोन महिन्यांपूर्वी असाच बंद पडला होता. हे तिने मला टेबलावर, शेंगदाण्याची चटणी वाढून घेता घेता, हवामान सांगावं तसं सांगितलं. पलीकडे आई मेथी निवडत होती. आई ७९ वर्षांची आहे आणि तिला हवं तेव्हा उत्तम ऐकू येतं.

"म्हणजे गेला का गं तो?" तिने घाबरून विचारलं.

"नाही गं आजी. आहे. रोज स्टोरी टाकतो. परवा येऊरला गेला होता मित्रांबरोबर, कणीस खातानाचा फोटो आहे."

"मग भूत कशाला म्हणता त्याला? धडधाकट माणसाला!"

आईचं माहेर राजापूर तालुक्यातलं. भुतांच्या बाबतीत ती सहसा चुकत नाही. तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि आम्हा दोघींची शिकवणी घेतली. मुंजा पिंपळावर असतो. पिढ्या गेल्या तरी पिंपळ सोडत नाही. समंध पुरलेल्या पैशाजवळून हलत नाही. हडळ, खवीस, जखीण, एकजात सगळी चिकट. मानगुटीवर बसतात, झपाटतात, उतरवायला माणूस बोलवावा लागतो, कोंबडं द्यावं लागतं. "निघून जातं ते भूत कसलं? आपलं सगळं दुखणंच ते जात नाही म्हणून. आणि हा खरंच भूत झाला असेल ना," तिने रेवाकडे बघून देठ मोडला, "तर येईल परत. बघशील."

इंग्रजी भूत विरून जातं आणि मराठी भूत ठिय्या देऊन बसतं, हे माझ्या २२ वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. शब्दशः भाषांतर केलं असतं तर अर्थ बरोबर उलटा झाला असता.

"पण चकवा आहे बरं का तुमच्या कामाचा," आई म्हणाली. रात्री सड्यावरून चालत निघालेला माणूस चालत राहतो, चालत राहतो, आणि पहाटे बघतो तर त्याच आंब्याखाली. वाट चुकत नाही, थांबतही नाही, फक्त कुठे पोचत नाही. रेवाचा घास हातात राहिला. "मावशी, हे लिहून घे. ही सिच्युएशनशिप आहे."

मी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाकडच्या मुलाचा फोन आला. "मॅम, चकवा म्हणजे चोर-पोलीस टाइप ना?" मी चकवा खोडून 'तळ्यात-मळ्यात' लिहिलं. ठाण्यात बसून हे लिहायला एक वेगळी मजा आहे. आमचं तलावांचं शहर, आणि मासुंद्याच्या कठड्यावर संध्याकाळी जी जोडपी बसलेली असतात त्यांतली निम्मी तरी तळ्यात आहेत की मळ्यात, हे त्यांनाही ठाऊक नसतं. हा शब्द पास झाला. पण घोस्टिंगचा चौकोन रिकामाच होता.

तिसऱ्या दिवशी मी स्टेशनजवळच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात गेले. १८९३ पासूनचं आहे ते. दाते-कर्व्यांचा वाक्संप्रदाय कोश मागितला. दोन खंड, एक १९४२चा, दुसरा १९४७चा. त्या मधल्या पाच वर्षांत देशात काय काय झालं, आणि ही दोन माणसं शांतपणे वाक्प्रचार गोळा करत होती. मला त्यांच्याविषयी अपार माया वाटते. कदाचित धंदाबंधू म्हणून असेल.

घोस्टिंग शोधायला बसले आणि भलतंच सापडत गेलं. नकार द्यायचा तर वाटाण्याच्या अक्षता. लग्नाच्या आमंत्रणाला तांदळाच्या अक्षता द्यायची रीत. त्या जागी वाटाणे आले की समजून घ्यायचं आणि उठायचं. कामावरून काढायचं तर नारळ. निसटायचं तर हातावर तुरी. काही न देता वाटेला लावायचं तर तोंडाला पानं पुसायची. खोटी स्तुती करायची तर हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं. हे झाड जेमतेम गुडघ्याएवढं असतं, त्यामुळे चढणाऱ्याचं काय होणार हे चढवणाऱ्याला आधीच माहीत. लव्ह बॉम्बिंगसमोर मी तेच लिहिलं. आणि मग सापडला तो कोपराचा गूळ. कोपराला गूळ लावायचा: गूळ खरा, कोपर आपलंच, वासही येतो, फक्त जीभ पोचत नाही. अधूनमधून एखादा 'मिस यू', एखादा लाल बदाम, पुन्हा आठवडाभर शुकशुकाट, पुन्हा एक बदाम. ब्रेडक्रंबिंग म्हणजे दुसरं काय? त्या शांत खोलीत मी खरोखर माझी जीभ कोपराला लागते का ते करून बघितलं. समोरच्या आजोबांनी पेपर खाली घेतला, बघितलं आणि पुन्हा वर केला.

घरी येताना गोखले रोडवर छत्री सांभाळत मला एक सिद्धान्त सुचला, आणि सिद्धान्त सुचला की माणूस दोन दिवस असह्य होतं. सिद्धान्त असा: आपल्या जुन्या शब्दांत एक वस्तू आहे आणि ती देणारा हात आहे. वाटाणे, नारळ, तुरी, पान, गूळ. फसवणारासुद्धा समोर उभा आहे. त्याचा चेहरा दिसतो, त्याच्या हाताला वास आहे. घोस्टिंगला हातच नाही. १९४२च्या माणसाला नाहीसं व्हायचं तर निदान गाडी पकडावी लागे. आता आहे त्याच जागी बसून, कणीस खाता खाता नाहीसं होता येतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सॲपने निळ्या टिक आणल्या, तेव्हापासून तर न बोलण्याची पोचपावतीही मिळू लागली. तेव्हा मराठीत शब्द नाही, याचं कारण मराठी तोकडी आहे हे नव्हे. मराठी माणसाला न सांगता जायची सोयच नव्हती.

आमच्या लहानपणी तर भांडणसुद्धा रीतसर नोटीस देऊन व्हायचं. करंगळी पुढे करून तोंडावर सांगायचं: कट्टी फू, बारा वर्षं बोलू नकोस तू. काय सुंदर करार आहे! कोण कोणाशी, केव्हापासून आणि किती मुदत, सगळं त्यात आहे. (आमची बारा वर्षं बहुधा मधल्या सुट्टीच्या घंटेला संपायची.) मोठ्यांचा अबोला थोडा वेगळा, पण त्यालाही दोघं एका घरात लागतात. अबोला धरायचा तर ताट वाढून जोरात आपटायला समोर कुणीतरी हवंच. "बंड्या, तुझ्या बाबांना सांग, चहा झालाय" हे वाक्य म्हणायला बाबा दोन हातांवर बसलेले लागतात.

रात्री जेवताना मी हे सगळं हातवारे करून सांगितलं. रेवा 'भारी' म्हणाली. आई काही म्हणाली नाही. ताकाची वाटी संपवली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "आमच्याकडे होतं की न सांगता बंद करणं. वाळीत टाकायचे."

तिच्या गावात एक घर वाळीत होतं. कशावरून ते तिला त्या वेळीही कुणी सांगितलं नाही आणि आता सांगायला कुणी उरलं नाही. त्या घरातली मुलगी आईच्या वर्गात होती. दोघी शाळेला जाताना एकत्र जायच्या, ओढ्यावर थांबून पाण्यात पाय बुडवायच्या. एके सकाळी आईच्या आजीने सांगितलं, आजपासून तिच्याशी बोलायचं नाही. एवढंच. आई तेव्हा नऊ वर्षांची होती.

"मग?" रेवाने विचारलं.

"मग काय. नाही बोलले. ती ओढ्यावर थांबायची. मी वरच्या वाटेने जायची."

"किती दिवस?"

"ते लोक गाव सोडून गेले तोवर. वर्षभर असेल." आई उठली, वाटी मोरीत ठेवून आली. "ती काही विचारायची नाही. नुसती बघायची. तुमच्या त्या निळ्या टिकेसारखं."

माझा सिद्धान्त तिथल्या तिथे बसला. वाळीत टाकण्यातही हात नसतो; म्हणजे असतात, पण ते इतके असतात की त्यातला एकही दिसत नाही. विहिरीवर कुणी सरकत नाही, दुकानदाराला ऐकू येत नाही, लग्नाचं बोलावणं येत नाही, मयताला खांदा मिळत नाही. जुन्या भाषेची ऊब सांगत फिरणाऱ्या माझ्यासारख्यांना हा शब्द बरोब्बर वेळेला आठवत नाही. आणि ही नऊवारीच्या काळातली गोष्ट म्हणून सोडताही येत नाही. आमच्या शेजारच्या रायगड जिल्ह्यातून वाळीत टाकल्याच्या तक्रारी अगदी अलीकडेपर्यंत येत होत्या. शेवटी महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. तो २०१७ पासून लागू आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. एखाद्याशी न बोलणं कधीकधी एवढं मोठं असतं. एकट्या मुलाने मेसेज बंद करणं आणि अख्ख्या गावाने पाणी बंद करणं एका तराजूत घालायचं नाही, एवढं मला कळतं. तरी त्या रात्री मी घोस्टिंगच्या ओळीकडे गेले नाही.

पुढचा आठवडा इतर ओळींत गेला. 'रेड फ्लॅग' वर, म्हणजे माणसातल्या धोक्याच्या खुणेवर, आईने जोरदार आक्षेप घेतला. रेवा फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "अगं, तो सरळ सरळ रेड फ्लॅग आहे," आणि आईने ते ऐकलं. माझे वडील वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात होते, राज्यातली पहिली एमआयडीसी ती, आणि आमच्या घरात लाल बावटा म्हणजे बोनस, संप आणि गेटवरच्या सभा. "बावट्याचा मुलगा आहे?" आई म्हणाली. "मग चांगला असेल. शिस्तीचे असतात ते." रेवाला समजावता समजावता हसू आवरेना. मी त्या चौकोनात 'रेड फ्लॅग'च ठेवलं. काही शब्दांशी भांडायचं नसतं.

गॅसलाइटिंगचं मात्र मला आश्चर्य वाटलं. १९३८ च्या एका इंग्रजी नाटकातून आलेला हा शब्द. त्यातल्या नवऱ्याच्या लपूनछपून चाललेल्या उद्योगांनी घरातले गॅसचे दिवे मंद होतात आणि तो बायकोला म्हणतो, कुठे काय, तुलाच तसं दिसतंय. २०२२ मध्ये मेरियम-वेब्स्टर कोशाने त्याला वर्षाचा शब्द ठरवलं आणि जगभर लेख आले की या अनुभवाला अखेर नाव मिळालं. आता आमच्या मागच्या चाळीतल्या बायका पाणी भरताना नळावर काय म्हणायच्या? "मला वेड्यात काढतो मेला." वेड्यात काढणे! दोन शब्द, सहा अक्षरं, आणि दिवे लावायची गरज नाही. हा शब्द पाठवताना मला खरा आनंद झाला. फक्त ठाणेकर म्हणून एक जुनी जखम आहे. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं, आणि तेव्हापासून 'याला ठाण्याला पाठवा' हा मराठीतला पक्का वाक्प्रचार. पुण्याच्या लग्नात मी ठाण्याची म्हटलं की एखादे काका डोळे मिचकावून विचारतात, "सुट्टी केव्हा मिळाली?" पुण्याने येरवड्याचं स्वतःचं बघावं, असं म्हणून मी श्रीखंडाकडे वळते. पण गमतीत का होईना, एका अख्ख्या शहराला वेड्यात काढलंय आपण, आणि त्या भिंतीआड बरी होत असलेल्या माणसांना हा विनोद कसा ऐकू येत असेल ते कुणी विचारलेलं नाही.

बेंचिंगला मी कॉलेजातल्या आमच्या शब्दांकडे गेले. ९०च्या दशकात आमचा सगळा व्यवहार बाजारातला होता. ती भाव खाते. तो तिला भाव देत नाही. त्याची वट आहे. याचा पोपट झाला. तिसरा सुमडीत कल्टी मारतो. सेटिंग, फिल्डिंग, विकेट. 'लाइन देणे' आणि 'लाइन मारणे' यांत जो सूक्ष्म फरक आहे तो समजावायला हल्लीच्या मुलांना मी तासिका घेईन. 'माल' असाही एक शब्द होता आणि तो आम्ही मुलींनी हसून सोडून दिला, याची लाज आता वाटते. आजच्या मुली त्याला तोंडावर क्रिंज म्हणतात आणि पुढे जातात. एवढ्यासाठी तरी मी त्यांच्या भाषेची ऋणी आहे.

यातला एकही शब्द कुणी बनवला ते माहीत नाही, आणि हेच मला आवडतं. उलट फबिंग घ्या. समोर माणूस बसलेला असताना फोनमध्ये बघत राहणं म्हणजे फबिंग. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका जाहिरात संस्थेने, तिथल्या मॅक्वारी शब्दकोशाच्या प्रचारासाठी, भाषेतली जाणती माणसं एका खोलीत बसवून तो शब्द मुद्दाम घडवला. जाहिरातवाली म्हणून मला या धंदेवाईकपणाचं कौतुक आहे. पण कल्टी ज्याने पहिल्यांदा मारली त्याच्यापुढे ती सगळी खोली फिकी. आई तर फोनमध्ये मान घालून बसलेल्या कुणालाही 'ओणवा' म्हणते. "तो ओणवा आला का?" म्हणजे माझा नवरा आला का. बैठक न घेता झालेलं काम आहे हे.

न बोलण्याचीही आमची एक वेगळी भाषा होती, मिस कॉलची. २००३ पर्यंत येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे, त्यामुळे उचलायचं नाही हाच करार. लग्नाआधी याच ओणव्या गृहस्थांची एक रिंग म्हणजे 'पोचलो', दोन म्हणजे 'खाली ये', आणि तीन म्हणजे 'तुझे बाबा गॅलरीत आहेत, येऊ नकोस'. न उचललेला फोन त्या वेळी एवढं सांगायचा. आता न उचललेला फोन काही सांगत नाही, यावर रेवाने तासभर डोकं खपवलेलं मी बघितलंय.

तिला बेंचिंगचं विचारलं. म्हणजे संघात घ्यायचं, खेळवायचं नाही, सोडायचंही नाही. ती चपलेचा पट्टा लावत होती. वर न बघता म्हणाली, "चौथी सीट."

मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. लोकलचं बाकडं तिघांचं. चौथ्याने 'जरा सरका' म्हटलं की तिघं अर्धा अर्धा इंच सरकतात आणि चौथा कडेला टेकतो. एक मांडी बाकावर, एक हवेत, एक पाय पॅसेजमध्ये रोवलेला. बसलेला म्हणता येत नाही, उभाही म्हणता येत नाही. येणारे-जाणारे गुडघ्याला धडकतात, आणि वर उपकार झाल्यासारखा चेहरा ठेवावा लागतो. "तो मला तेवढंच सरकायचा मावशी," रेवा म्हणाली. "आणि मी थँक्यू म्हणायचे." दार ओढून ती गेली. मी चौकोनात 'चौथी सीट' लिहिलं आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. ही पोर घोडबंदरला बसने जाते. लोकलचा प्रवास तिने जेमतेम वर्षभर केलेला. एवढ्यात शब्द सापडला तिला.

मी १४ वर्षं केला. ठाणे ते दादर, लेडीज डबा, २०२०च्या मार्चपर्यंत. कल्याणकडून येणारी गाडी ठाण्याला भरून यायची, आणि आत शिरल्यावर पहिलं वाक्य नमस्कार नाही, सुप्रभात नाही: "कुठे उतरणार?" बसलेल्या बाईने 'घाटकोपर' म्हटलं की तिच्या जागेवर आपलं नाव लागतं. कधी ती म्हणते, "घाटकोपर, पण सांगितलंय यांना." मग पुढची. अनोळखी माणसाला त्याच्या जाण्याविषयी इतकं सरळ विचारायची मुभा मी दुसरीकडे कुठे बघितली नाही. आणि बाया खरं सांगतात. भायखळ्याला उतरणारी बाई तुम्हाला कधी 'दादर' म्हणणार नाही. तसं कुणी केलं तर त्या बाईची डब्यातली पत संपली.

आमचा सात जणींचा ग्रुप होता. मटार सोलायचो, हळदीकुंकू करायचो, नवरात्रात रंग पाळायचो, एकीच्या घटस्फोटाचे कागद आम्ही मुलुंड ते कुर्ला या अंतरात वाचले होते. मग मार्चमध्ये लोकल बंद झाल्या. माझ्या ऑफिसने त्या वर्षात दादरची जागाच सोडली आणि मी पाचपाखाडीतल्या या टेबलाशी आले ती कायमची. ग्रुपवर मेसेज यायचे. 'सुरू झाली गाडी, येतेस का?' 'आज तुझी आठवण काढली, खिडकी मिळाली.' आधी मी अंगठा टाकायचे. मग नुसतं वाचायचे. मग ग्रुप म्यूट केला. कुणाशी भांडण नव्हतं, राग नव्हता. काय लिहायचं तेच सुचेना, आणि जितका उशीर होत गेला तितकं जास्त काहीतरी लिहावं लागणार असं वाटून आणखी लिहिलं गेलं नाही. शीटमधल्या पहिल्या ओळीची व्याख्या मी पुन्हा वाचली. फोन नाही, उत्तर नाही, भांडण नाही, कारण नाही.

ऑगस्टमध्ये दादरला एका छापखान्यात जायचं होतं. दुपारची गाडी, डबा अर्धा रिकामा, आणि नाहूरला त्या सातांतली एक चढली. मला बघितलं. मी काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करतेय तोवर ती शेजारी येऊन बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "काय गं, उतरलीस ती उतरलीसच!" मग तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मुलीचं कॅनडाचं, ग्रुपमधल्या दोघींच्या बदल्या. कोण कोण उरलंय विचारलं तर बोटं मोडत म्हणाली, "ती गेल्या वर्षी उतरली, ही दिवाळीनंतर उतरली, मी मार्चमध्ये उतरणार, रिटायरमेंट." तिच्या बोलण्यात तक्रारीचा मागमूस नव्हता. दादरला मी उठले तेव्हा तिने सवयीने माझ्या जागेवर पिशवी ठेवली.

घरी आल्यावर पहिल्या ओळीत मी लिहिलं: 'न सांगता उतरणे'. १२ अक्षरांत बसलं. दुसऱ्या दिवशी फोन. "मॅम, उतरणे म्हणजे नशा उतरते तसं?" मी म्हटलं, नाही रे बाबा, गाडीतून. तो म्हणाला, "पण मॅम, आमचा युजर मेट्रोवाला आहे." आठवडाभराने अंतिम शीट आली. ४२ पैकी माझे पाच शब्द राहिले होते. कोपराला गूळ होता, हरभऱ्याचं झाड होतं, तळ्यात-मळ्यात आणि वेड्यात काढणं होतं, आणि कशी कोण जाणे, चौथी सीटही होती. पहिल्या ओळीत देवनागरीत 'घोस्टिंग'. बिल वेळेवर मिळालं.

नरक चतुर्दशीला पहाटे रेवा साडी नेसून राम मारुती रोडला गेली. त्या दिवशी तिथे आणि तलावपाळीला सगळं तरुण ठाणं लोटतं, ढोल-ताशे, कुर्ते, नथी, फोटो. तिथे आपणच नाही ही जी धास्ती, तिलाच बहुतेक फोमो म्हणत असावेत. दमून आली, फराळ केला, झोपली. त्याच रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी तिचा फोन वाजला. आम्ही तिघी पत्ते खेळत होतो. तिने बघितलं आणि फोन टेबलावर उताणा ठेवला. सहा महिन्यांनी त्या मुलाचा मेसेज. साडीतल्या फोटोवर बदाम आणि खाली दोनच शब्द: 'जागी आहेस?'

"हे झोम्बीइंग," रेवा म्हणाली. "ओळ नंबर २७."

"म्हटलं नव्हतं?" आईने पत्ते छातीशी धरले. "भूत आहे. येणारच."

रेवाने फोन उचलला. काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग माझ्याकडे बघून एकदम हसली, टाइप केलं आणि फोन आमच्याकडे वळवला.

'कुठे उतरणार?'

दोन टिक उमटल्या. निळ्या झाल्या. 'टायपिंग' आलं, गेलं, पुन्हा आलं. आईने तेवढ्यात माझा बदामाचा एक्का मारला.

मग उत्तर आलं. 'डोंबिवली. का?'